नेकेड बाइक वाचायला शिका: टेप, वही आणि चाकणच्या दोन गाड्या

शोरूममध्ये शिरलेलं नवखं गिऱ्हाईक गाडीभोवती एक चक्कर मारतं, टाकीवरून हात फिरवतं, सीटवर बसून पाय टेकतात का ते बघतं आणि विचारतं, "टॉप किती? ॲव्हरेज किती?" दोन्हीची उत्तरं सेल्समनला पाठ असतात. पण गाडी घाटात कशी वळेल, खड्ड्यात कशी आपटेल, सिग्नलला मांड्या किती भाजेल, हे त्या दोन आकड्यांत नसतं. नेकेड बाइकमध्ये ते समोर उघडं असतं. फेअरिंगच, म्हणजे वरचं प्लास्टिकचं आवरणच नाही, त्यामुळे फ्रेम, इंजिन, रेडिएटर, शॉकॲब्सॉर्बर, सगळं दिसतं. ते बघायचं कुठल्या क्रमाने, एवढंच शिकायचं आहे.

उदाहरणाला दोन गाड्या घेऊ: २०२३ साली आलेली तिसऱ्या पिढीची केटीएम ३९० ड्यूक आणि त्याच वर्षी आलेली ट्रायम्फ स्पीड ४००. एका कंपनीचं घर ऑस्ट्रियातल्या माटिगहोफेनला, दुसरीचं इंग्लंडमधल्या हिंकलीला, आणि या दोन्ही गाड्या बनतात पुण्याजवळ चाकणला, बजाजच्या कारखान्यात. बजाजने केटीएममध्ये पहिल्यांदा पैसा घातला तो २००७ साली, आणि ट्रायम्फशी करार झाला जानेवारी २०२० मध्ये. पण मी ही जोडी निवडली त्याचं कारण वेगळं आहे. दोन्ही इंजिनं एका सिलिंडरची, दोन्हींचा बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ८९ मिलिमीटर, दोन्हींचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ६४. एवढं सारखं असूनही दोघींचा स्वभाव वेगळा. शिकायला यापेक्षा चांगली जोडी मिळणार नाही.

सोबत टेप, वही-पेन, हातभर लांबीची सरळ काठी आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर घ्या. शोरूमला आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जा. शनिवार-रविवारी कोणी तुम्हाला जमिनीवर बसू देणार नाही.

पायरी १: हा आकार कुठून आला ते आधी समजून घ्या

४०० सीसी हा आकडा फक्त इंजिनिअरच्या डोक्यातून आलेला नाही. जपानमध्ये मधल्या लायसन्सवर ४०० सीसीपर्यंतचीच गाडी चालवता येते, म्हणून तिथल्या कंपन्यांनी हा वर्ग जोपासला. युरोपात ए२ नावाचं लायसन्स आहे. त्यात ताकद ३५ किलोवॅटच्या आत हवी आणि वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.२ किलोवॅटच्या वर जायचं नाही. ३५ किलोवॅट म्हणजे साधारण साडेसत्तेचाळीस पीएस (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच). ड्यूक ४६ पीएसवर थांबते, त्यामागे हा नियम धरा. आपल्याकडे २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर १८ टक्के जीएसटी आणि त्याहून मोठ्या इंजिनाच्या दुचाकीवर ४० टक्के, अशी नवी रेघ पडली. गाडीचा नकाशा काढायला बसलेल्या माणसाच्या टेबलावर हे सगळे कागद आधीपासून असतात.

पायरी २: गुडघे टेकून फ्रेम बघा

गाडीच्या डाव्या बाजूला खाली बसा. ड्यूकवर रंगवलेल्या पोलादी नळ्यांचे त्रिकोण दिसतील. ही ट्रेलिस फ्रेम. त्रिकोण कशासाठी? चार काड्यांचा चौकोन हाताने दाबला की वाकडा होतो, तीन काड्यांचा त्रिकोण होत नाही. रेल्वेच्या जुन्या पुलांमध्ये हीच युक्ती आहे. कमी पोलादात जास्त ताठपणा मिळतो.

आता बोट फिरवत एकच गोष्ट शोधा: हँडलच्या नळीपासून मागच्या स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याच्या) खिळीपर्यंत ताण कोणत्या वाटेने जातो? ही वाट जितकी सरळ, तितकी फ्रेम चांगली. वाटेत इंजिनाचे बोल्टही लागतील. इंजिन फ्रेममध्ये नुसतं ठेवलेलं नसतं, तेही भार उचलतं. ड्यूकमध्ये सीटखालची मागची चौकट वेगळी, ॲल्युमिनियमची ओतीव आहे आणि मुख्य फ्रेमला बोल्टने जोडलेली आहे. गाडी मागे आपटली तर अख्खी फ्रेम न बदलता तेवढा भाग बदलता येतो. जुनी गाडी घ्यायला गेलात तर सगळ्यात आधी हे बोल्ट आणि त्यांच्याभोवतीचा रंग बघा. पान्याच्या खुणा असतील तर विचारायचं.

स्पीड ४०० मध्ये हे त्रिकोण नाहीत. तिथे जाड नळी टाकीखालून जाते आणि नजर फ्रेमवर न थांबता इंजिनावर जाते. सिलिंडरवर एअर-कूल्ड गाडीसारखे पत्रे आहेत, इंजिन मात्र पाण्याने थंड होतं आणि रेडिएटर पुढे शिताफीने बसवलेला आहे. ड्यूक आपली हाडं दाखवते, स्पीड आपलं हृदय दाखवते. नेकेड गाडीत कुठला भाग चेहरा होणार हे डिझायनरला ठरवावंच लागतं. १९९२ साली कोलोनच्या प्रदर्शनात मिगेल गालुझ्झीने आखलेली डुकाटी मॉन्स्टर आली तेव्हापासून कारखान्यातून निघणाऱ्या नेकेड गाडीचा हा प्रश्न ठळक झाला. ती गाडीही कंपनीच्या इतर गाड्यांचं इंजिन आणि फ्रेम घेऊन बांधली होती, सौंदर्य होतं ते न झाकण्यात.

पायरी ३: इंजिनाची तीन गणितं करा

माझ्या मते या लेखातला सगळ्यात उपयोगी भाग हाच आहे, म्हणून इथे घाई करू नका.

पहिलं गणित सीसीचं. बोअरची त्रिज्या सेंटीमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, ३.१४ ने गुणा, मग स्ट्रोकने गुणा. ४.४५ चा वर्ग १९.८, गुणिले ३.१४ म्हणजे ६२.२, गुणिले ६.४ म्हणजे ३९८. जुन्या ड्यूकचा स्ट्रोक ६० होता, त्यामुळे ती ३७३. म्हणजे नव्या पिढीत पिस्टनची रुंदी तशीच ठेवून फक्त त्याची धाव ४ मिलिमीटरने वाढवली.

दुसरं गणित पिस्टनच्या वेगाचं. स्ट्रोक मीटरमध्ये घ्या, दुप्पट करा, आरपीएमने (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी) गुणा, ६० ने भागा. जुनी ड्यूक ९५०० आरपीएमला पूर्ण ताकद द्यायची: सेकंदाला १९ मीटर. नवी ८५०० ला देते: १८.१ मीटर. स्पीड ४०० ला हा आकडा ८००० आरपीएम आहे: १७.१ मीटर. आता रॉयल एन्फील्ड क्लासिक ३५० घ्या. बोअर ७२, स्ट्रोक ८५.८, ताकद ६१०० आरपीएमला. उत्तर येतं १७.४ मीटर.

इथे क्षणभर थांबा. क्लासिक "निवांत" आणि ड्यूक "पिसाट" असं आपण सहज म्हणतो, पण पिस्टन जवळपास सारख्याच वेगाने पळतात. फरक रुंदीत आहे. रुंद सिलिंडरच्या डोक्यावर मोठे व्हॉल्व्ह बसतात, इंजिन वरच्या आरपीएमलाही मोकळा श्वास घेतं, आणि आखूड स्ट्रोकमुळे तिथपर्यंत पोचताना पिस्टनवर अतिरेकी ताण येत नाही. क्लासिकचा लांब स्ट्रोक ४००० आरपीएमलाच २७ न्यूटन-मीटरचा पूर्ण टॉर्क (फिरवण्याचा जोर) देऊन मोकळा होतो. दोन्ही निवडी विचारपूर्वक केलेल्या आहेत, फक्त वेगळ्या चालकासाठी.

तिसरं गणित टॉर्क टिकतो का याचं. ब्रोशरमध्ये सगळ्यात जास्त टॉर्क दिलेला असतो, पण सगळ्यात जास्त ताकदीच्या क्षणी तो किती उरतो हे लिहिलेलं नसतं. पीएस गुणिले ७०२४ भागिले आरपीएम, असं करा, उत्तर न्यूटन-मीटरमध्ये येतं. ड्यूक: ४६ गुणिले ७०२४ भागिले ८५००, म्हणजे ३८. तिचा कमाल टॉर्क ३९, तोही ६५०० आरपीएमला. दोन हजार आरपीएम वर चढूनही जेमतेम एक न्यूटन-मीटर घटला. स्पीड: ४० गुणिले ७०२४ भागिले ८०००, म्हणजे ३५. कमाल ३७.५, तोही ६५०० लाच. इथे घट जास्त आणि लवकर. बोअर-स्ट्रोक तोच, पण कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा भाग), हवेची वाट, सायलेन्सर आणि संगणकाची मांडणी वेगळी. म्हणून ड्यूक वरच्या टोकाला "अजून ओढ" म्हणते, तर स्पीड त्याआधीच "आता गिअर बदल" असं सुचवते. शहरात आणि हायवेवर मधल्या आरपीएमला चालवणाऱ्याला दुसरा स्वभाव खटकणार नाही, उलट आवडेल.

एकच मोठा पिस्टन वर-खाली होतो तेव्हा हँडलपर्यंत थरथर पोचते. ती मारायला इंजिनात बॅलन्सर शाफ्ट असतो, म्हणजे पिस्टनच्या उलट झोका देणारं फिरतं वजन. तो बरीचशी थरथर खातो, सगळी नाही. ट्रायलच्या वेळी पायांत आणि आरशात ती कोणत्या आरपीएमला येते ते टिपून ठेवा. तुमच्या रोजच्या वेगाला टॉप गिअरमध्ये नेमकी तीच आरपीएम पडत असेल तर पुन्हा विचार करा.

पायरी ४: काठी लावून ट्रेल समजून घ्या

हॉस्पिटलमधल्या ट्रॉलीचं पुढचं चाक आठवा. ढकलली की चाक आपोआप सरळ होतं, कारण ते आपल्या खुंटीच्या थोडं मागून जमिनीला टेकतं. मोटरसायकलचं पुढचं चाकही तसंच.

मित्राला गाडी सरळ धरायला सांगा. हँडल ज्या नळीत फिरतं त्या नळीच्या बाजूला, तिच्याच तिरकेपणाने काठी धरा आणि ती रेषा मनाने जमिनीपर्यंत न्या. ती चाकाच्या टेकण्याच्या जागेच्या पुढे पडेल. या दोन ठिकाणांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. टेपने अचूक मोजणं अवघड आहे, आकडा माहितीपत्रकातून घ्या, पण डोळ्यांनी एकदा बघाच. त्याशिवाय तो आकडा डोक्यात बसत नाही.

स्पीड ४०० चा ट्रेल १०२ मिलिमीटर, दोन चाकांमधलं अंतर १३७७. ड्यूकच्या २०१७ च्या पिढीचा ट्रेल ९५ आणि चाकांमधलं अंतर १३५७. ट्रेल जास्त आणि गाडी लांब, तर ती सरळ रेषा धरून ठेवते आणि वळायला किंचित जास्त सांगावं लागतं. कमी आणि आखूड असेल तर नुसत्या इशाऱ्यावर वळते. ७ मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही कमी, पण ताम्हिणीच्या एकामागून एक येणाऱ्या वळणांवर तेवढा फरक मनगटांना कळतो.

पायरी ५: सस्पेन्शन, म्हणजे आपल्या रस्त्यांचा खरा प्रश्न

ड्यूकच्या मागच्या बाजूला वाका. शॉकॲब्सॉर्बर मधोमध नसून उजवीकडे सरकवलेला दिसेल. दिसायला हा नुसता वेगळेपणा वाटतो. पण मधली जागा मोकळी झाल्यावर तिथे मोठा एअरबॉक्स, म्हणजे इंजिनाच्या हवेचा डबा, बसला आणि सीट ८३० वरून ८०० मिलिमीटरपर्यंत खाली आली. इंजिनाला श्वास आणि चालकाला जमीन, दोन्ही एका बोल्टची जागा बदलून मिळालं. संपूर्ण गाडीत मला सगळ्यात आवडलेला निर्णय हाच.

ड्यूकच्या सस्पेन्शनची पुढची-मागची धाव १५० मिलिमीटर, स्पीडची पुढे १४० आणि मागे १३०. ड्यूकच्या फोर्कवर, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या दोन नळ्यांवर, पाच-पाच टप्प्यांचे खटके आहेत: एका बाजूला दबण्याचा वेग, दुसऱ्या बाजूला परत उठण्याचा. स्पीडवर फक्त मागच्या स्प्रिंगचा ताण बदलता येतो. खटके जास्त म्हणून गाडी चांगली असं समजू नका. नवख्याने आधी फक्त सॅग, म्हणजे आपल्या वजनाने गाडी किती दबते ते, मोजावा, बाकी नंतर.

सॅग घरी मोजायचा. दोघांनी धरून मागचं चाक अधांतरी करा आणि चाकाच्या एक्सलपासून शेपटीवरच्या एका खुणेपर्यंतचं अंतर लिहा. मग हेल्मेट-जॅकेट घालून, दोन्ही पाय फूटपेगवर ठेवून बसा आणि तेच अंतर पुन्हा मोजून घ्या. दोन्हीतला फरक एकूण धावेच्या पाव ते एक तृतीयांश असावा. १५० मिलिमीटर धावेला साधारण ३८ ते ५०. फरक जास्त आला तर स्प्रिंग आवळा, कमी आला तर सैल करा. रोज मागे कोणी बसत असेल तर त्यांच्यासह वेगळा आकडा काढून ठेवा. फोर्क खटक्यांनी बिघडवण्यापेक्षा ही अर्ध्या तासाची मेहनत कितीतरी जास्त सुख देते.

पायरी ६: ब्रेक आणि टायर

इथे फार वेळ नको. ड्यूकची पुढची डिस्क ३२० मिलिमीटर, स्पीडची ३००. पुढचा ब्रेकच मोठा का, हे मात्र एकदा गणिताने पटवून घ्या. समजा गाडी आणि तुम्ही मिळून वजनाचा मध्य जमिनीपासून ६५ सेंटीमीटरवर आहे, दोन्ही चाकांवर निम्मं-निम्मं वजन आहे आणि तुम्ही चांगला जोरात ब्रेक मारला, गुरुत्वाच्या ०.८ पट. ०.८ गुणिले ६५ भागिले १३५.७ (ड्यूकच्या चाकांमधलं अंतर, सेंटीमीटरमध्ये) म्हणजे ०.३८. अडतीस टक्के वजन मागून पुढे गेलं. पुढच्या चाकावर अठ्ठ्याऐंशी, मागे बारा. मागच्या ब्रेकवरच भिस्त ठेवायची सवय असेल तर हे बारा टक्के लक्षात ठेवा आणि रिकाम्या मैदानात पुढचा ब्रेक हळूहळू दाबायचा सराव करा. ड्यूकच्या सुपरमोटो मोडमध्ये मागच्या चाकाचं एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) बंद होतं. नवख्याने तो मोड रस्त्यावर वापरू नये.

२०२३ च्या या दोन्ही गाड्यांना टायर सारख्याच मापाचे: पुढे ११०/७०, मागे १५०/६०, चाक १७ इंची. "मागे १६० टाकू का?" हा प्रश्न गॅरेजवर नेहमी ऐकू येतो. टाकू नका. ठरल्यापेक्षा रुंद टायर त्याच रिमवर बसवला की त्याची गोलाई बदलते आणि चौथ्या पायरीवरची सगळी भूमिती बिघडते.

पायरी ७: सायलेन्सर कुठे आहे?

ड्यूकच्या तीन पिढ्यांत एकाच भागाने केलेला प्रवास बघण्यासारखा आहे. २०१३ च्या गाडीत सायलेन्सर पोटाखाली होता. २०१७ मध्ये तो बाजूला आला. २०२३ मध्ये पुन्हा पोटाखाली गेला. जड डबा गाडीच्या मध्याजवळ आणि खाली असला की वळणात गाडी हलकी वाटते. बाजूला असला की जागा मोकळी मिळते, डब्यात जास्त काही मावतं, पण वजन कडेला जातं. पोटाखालच्या सायलेन्सरला पावसाळ्यातल्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यांचा आणि उंच गतिरोधकांचा विचार करावा लागतो, म्हणून मागे कोणी बसलेलं असताना खाली किती जागा उरते ते बघा.

आपल्या नियमांनी मागच्या भागाचा आकार बराच ठरतो. मागे बसणाऱ्याला धरायला आधार, पाय ठेवायला जागा आणि मागचं निम्मं चाक झाकणारा आडोसा, म्हणजे आपला साडी गार्ड, मोटार वाहन नियमांत सक्तीचा आहे. युरोपातल्या फोटोतली मोकळी शेपटी इथे दिसत नाही ती यामुळे. तो काढून टाकण्याचा मोह आवरा. ओढणी-पदर चेनमध्ये अडकून झालेले अपघात पाहिलेला माणूस पुन्हा कधी त्याला कुरूप म्हणत नाही.

आखूड शेपटीचं आणखी एक देणं आहे, जूनमध्ये पाठीवर उडणारा चिखल. मडगार्डचं शेवटचं टोक आणि चाकाचा मागचा काठ यांच्यातून सरळ रेषा मनाने वर न्या. ती तुमच्या पाठीवर जात असेल तर चिखलही जाणार.

उष्णतेसाठी इंजिन चांगलं तापलेलं असताना, पंखा सुरू झाल्यावर, गाडीवर बसल्याबसल्या गुडघ्यांजवळ तळहात धरा. रेडिएटरच्या बाजूचे पंखे-पत्रे गरम हवा मांड्यांवर सोडतात की बाहेर फेकतात ते लगेच कळेल. चाकण-तळेगाव रस्त्यावर संध्याकाळी अडकणाऱ्याला हा तळहात ब्रोशरपेक्षा जास्त सांगतो.

पायरी ८: बसून बघा, पण वाऱ्यासकट

२०२३ च्या स्पीडची सीट ७९० मिलिमीटर, ड्यूकची ८००. उंचीइतकीच रुंदी महत्त्वाची, कारण रुंद सीट पाय बाहेर ढकलते. बूट घालूनच बसा. मग डोळे मिटा, हात पुढे न्या आणि हँडल सापडतं तिथेच खांदे सैल राहतात का बघा.

शोरूममध्ये वारा नसतो, रस्त्यावर असतो. हवेला कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ८० वरून १०० ला जाताना वेग सव्वापट, ताकद मात्र जवळपास दुप्पट, १.९५ पट. नेकेड गाडीवर हा वारा थेट छातीवर येतो. पुणे ते कोल्हापूर नेहमी करणार असाल तर हे आधी मान्य करून घ्या. पुढे झुकलेली बैठक तेव्हा सोपी वाटते, कारण वारा अंग उचलून धरतो, आणि तीच बैठक सिग्नलला मनगटं दुखवते. रोजची वाट कुठली, त्यावर निवड.

पायरी ९: ट्रायल

वहीत दोन रकाने करा. डावीकडे आतापर्यंत बघून केलेले अंदाज: वळायला हलकी की जड, टॉर्क कुठे ओसरेल, थरथर कुठे, उष्णता कुठे. मग गाडी काढा. पहिले दोन किलोमीटर काहीच तपासू नका, नुसती हाताला बसू द्या. नंतर तिसऱ्या गिअरमध्ये ३० च्या वेगापासून हळू ओढा, एका ओळखीच्या गतिरोधकावरून जा, एका मोकळ्या वळणावर दोनदा जा.

परत आल्यावर उजवा रकाना भरा. दोन्ही रकाने जुळले नाहीत, विशेषतः हँडल जड लागलं, तर गाडीला नाव ठेवण्याआधी पुढच्या टायरमधली हवा तपासायला सांगा. हवा कमी असेल तर ती भरून तेच वळण पुन्हा एकदा घ्या.